शासकीय लेखा व वित्तव्यवस्थापन : संशोधनास अर्थसाहाय्य

शासनाचे जमाखर्च, लेखापरीक्षण, अर्थसंकल्प व निधींची व्यवस्था या विषयांवर पीएच्.डी. पदवीसाठी संशोधन करणाऱ्यास निर्वाहासाठी व साधनखर्चासाठी मिळणारे द्रव्यसाहाय्य. शिष्यवृत्ती, अधिछात्रवृत्ती व सेवेत असलेल्यांना मिळणारी पगारी रजा हे त्याचे प्रमुख प्रकार होत.

स्वरूप व आवश्यकता : व्यापारी लेखे नफातोटा दाखवितात, विधिमंडळाने मंजूर केलेली रक्कम मंजूर कारणासाठीच खर्च झाली की नाही, हे दाखविणे हा शासकीय लेख्यांचा मुख्य हेतू असतो. भारतात केंद्राचे व राज्यांचे लेखे एकत्रित निधी, आकस्मिकता निधी व लोकलेखा अशा तीन भागांत ठेवले जातात. ते मुख्यतः रोख पद्धतीचे असल्याने मालमत्तेची झीज, थकलेली देणी व भावी निवृत्तिवेतनाचा भार यांचे पूर्ण चित्र त्यांतून उमटत नाही. हे चित्र उभे करणे हेच संशोधकाचे काम होय. त्यासाठी अनेक वर्षांचे वित्तलेखे, विनियोजन लेखे, लेखापरीक्षा अहवाल व लोकलेखा समितीचे अहवाल तपासावे लागतात. या श्रमांना बाजारात गिऱ्हाईक नसते. म्हणून हे संशोधन बव्हंशी सार्वजनिक साहाय्यावर अवलंबून राहते.

इतिहास : या क्षेत्रातील सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी तीत अट होती. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचे प्रशासन व वित्त या विषयावर एम्.ए.चा प्रबंध लिहिला (१९१५). पुढे ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने तेथील अभ्यास अर्धवट सोडून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास महालेखापालांच्या कार्यालयात उमेदवार म्हणून रुजू झाले. परंतु अस्पृश्यतेमुळे त्या शहरात राहावयास जागा मिळेना आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील अध्यापनातून साठविलेला पैसा, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्‌सी. पदवी संपादन केली. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कोलंबियाची पीएच्.डी. पदवी त्यांना १९२७ मध्ये प्रदान करण्यात आली. केंद्राने प्रांतांना ठराविक रक्कम नेमून देणे, नंतर काही महसूल सोपविणे व अखेर महसुलात वाटेकरी करून घेणे, हे टप्पे त्या ग्रंथात अर्थसंकल्पांच्या आधारे उलगडले आहेत. साहाय्याची रक्कम पुरेशी असूनही मुदत तोकडी असेल, तर संशोधन कसे खंडित होते, हेही या उदाहरणावरून दिसते.

साहाय्य देणाऱ्या संस्था : पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून उभी राहिली. स्वातंत्र्योत्तर काळात विद्यापीठ अनुदान आयोग (१९५३) व भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद (१९६९) या प्रमुख साहाय्यक संस्था ठरल्या. आयोगाने जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रु. व वरिष्ठ अधिछात्रवृत्ती ४२,००० रु. केली. महाराष्ट्रात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात.

समस्या : ज्याच्या लेख्यांची चिकित्सा करावयाची, तोच येथे पैसा पुरवितो. म्हणून निवड व मूल्यमापन संबंधित खात्याच्या हाती न ठेवता विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त परिषदेच्या तज्ज्ञांकडे असणे इष्ट असते. नियंत्रक व महालेखापरीक्षकास संविधानाने दिलेल्या स्वातंत्र्यामागेही हेच तत्त्व आहे. हप्ते वेळेवर न मिळाल्यास निर्वाहाची अन्य सोय नसलेला विद्यार्थी प्रथम गळतो आणि हा विषय सुस्थितीतल्यांपुरता उरतो.

संशोधनास सर्वाधिक वाव स्थानिक संस्थांच्या लेख्यांत आहे. राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिकेने (२००४) दुनोंदी व उपार्जित पद्धतीचा आराखडा घालून दिला. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर ही झपाट्याने वाढलेली शहरे होत. शिरगावसारखी मूळची गावे आता बदलापूरच्या नागरी वस्तीचा भाग बनली आहेत. रस्ते, गटारे व पाणीपुरवठा यांवर झालेल्या खर्चातून नेमकी किती मत्ता निर्माण झाली व तिच्या देखभालीची तरतूद कोठे आहे, हे अशा ठिकाणी नागरिकाला केवळ वार्षिक जमाखर्चावरून कळत नाही. ते कळावे, यासाठीच अशा संशोधनावर सार्वजनिक पैसा खर्च करणे समर्थनीय ठरते.