देवळामागचे श्रोते

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाच्या देवळात पहिल्यांदा आलेला भाविक नंदी शोधत राहतो. इतर शिवमंदिरांत पिंडीसमोर बसणारा नंदी इथं देवळाच्या मागच्या अंगाला आहे. त्याची कथा पंचक्रोशीतल्या पोरासोरांनाही पाठ असते. संत नामदेवांच्या कीर्तनाला पुजाऱ्यांनी हरकत घेतली, नामदेव मागं जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. चमत्कार ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. गर्दीच्या मागं ढकललेल्या माणसाचं काय करायचं, हा त्या कथेतला प्रश्न मात्र आता जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांनी हाती घेतला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025च्या अहवालानुसार जगात दर 6 माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो आणि वर्षाकाठी सुमारे 8 लाख 71 हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. त्याआधी 2010मध्ये संशोधक ज्युलियन होल्ट-लनस्टॅड यांनी 148 अभ्यास एकत्र तपासले होते. जिव्हाळ्याची नाती असलेल्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा 50 टक्क्यांनी अधिक निघाली.

हे वाचून हिंगोलीकर म्हणेल, आमच्याकडं माणसांना काय तोटा? खरंच नाही. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी आहे. शेगावहून पंढरीला निघालेली गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नरसी, औंढा करत पुढं जाते. गावोगावी हरिनाम सप्ताह बसतात. हिंगोलीचा दसरा तर मराठवाडाभर गाजलेला. एकमेकांच्या शेतात राबण्याची इर्जिकही जुन्या माणसांना आठवते.

पण सप्ताहाच्या पंगतीत हौसेनं वाढणाऱ्या माणसाच्या डोक्यावर सावकाराचं किती देणं आहे, हे शेजारच्या पानावर बसलेल्यालाही ठाऊक नसतं. सोयाबीन पावसात भिजलं, हळदीचा भाव पडला, यावर पारावर तासभर चर्चा होते. ‘मला रात्र रात्र झोप येत नाही’ हे वाक्य तिथं कुणी उच्चारत नाही. नव्यानं नांदायला आलेल्या सुनेला तर पारही नाही. माणसं भोवती असणं आणि माणूस जवळ असणं यांतला हा फरक आपण फार सहज विसरतो.

हे न बोललेलं दुःख ऐकून घेण्यासाठी राज्य सरकारनं 2015मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. त्यासाठी निवडलेल्या मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत हिंगोलीही होता. आशाताईंनी घरोघरी जाऊन विचारपूस करायची, गरज दिसेल त्याला समुपदेशक किंवा डॉक्टरांकडं पोचवायचं, अशी त्याची मांडणी. आशाताई गावातलीच, तिला कोणाच्या घरात काय चाललंय याचा अंदाज असतो. मात्र आधीच कामानं वाकलेल्या बाईवर आणखी एक तक्ता टाकला, की विचारपुशीची नुसती खानापूर्ती होते.

नीट केलं तर काय घडतं, ते अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांनी दाखवलं. ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच माणसांना शिकवून समुपदेशनाला लावलं. 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तिकडं झिंबाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याबाहेरच्या बाकांवर प्रशिक्षित आज्या बसवल्या. सहा महिन्यांनी त्यांच्याशी बोललेल्यांपैकी 14 टक्क्यांत नैराश्याची लक्षणं उरली होती. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 50 टक्के होतं. आपल्याकडं पार आयता आहे, आज्याही आहेत. कमी आहे ती शिकवणीची, आणि त्या कामाचे पैसे देण्याच्या दानतीची.

घरच्यांना करता येण्यासारखंही बरंच आहे. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारलं तर भलतं मनात भरेल, ही भीती तज्ज्ञ खोटी ठरवतात. उलट विचारल्यानं माणूस मोकळा होतो. फवारणीची औषधं घरात न ठेवता कुलपात ठेवावीत. श्रीलंकेनं सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण खूप उतरलं. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक ऑक्टोबर 2022पासून रात्रंदिवस चालू आहे आणि त्यावर मराठीतून बोलता येतं. सप्ताहाच्या पत्रिकेत कीर्तनकारांच्या नावांखाली तो छापायला फार तर एक ओळ लागेल.