सांभाळणाऱ्याच्या कष्टांचा हिशेब कोण मांडणार?

घरात एखादे माणूस अंथरुणाला खिळले, एखादे मूल सेरेब्रल पाल्सीसह जन्मले किंवा कमावता माणूस अपघातात पाय गमावून बसला, की दोन माणसांचे आयुष्य बदलते. ज्याला अपंगत्व आले त्याचे, आणि त्याला सांभाळणाऱ्याचे. सांभाळणारी बहुतेक घरांत आई, बायको, सून किंवा मोठी मुलगी असते. आईची चार घरची कामे सुटतात, मुलीची शाळा सुटते. सरकारी कागदावर मात्र फक्त पहिल्या व्यक्तीच्या अपंगत्वाची टक्केवारी लिहिली जाते. दुसरीचे नाव कुठेच येत नाही.

अनुदान किती द्यायचे, कोणाला द्यायचे, उत्पन्नाची मर्यादा कुठे ठेवायची, हे नियम कोणाच्या तरी सल्ल्याने ठरतात. सल्ला देणाऱ्यांत फक्त खात्याचे अधिकारी असतील, तर तिजोरीत काय परवडते एवढाच विचार होतो. म्हणून सरकारच्या दबावाखाली नसलेले जाणकार आणि हे जगणे स्वतः जगणारे लोक त्यात हवेत. याला स्वतंत्र तज्ज्ञ सल्ला म्हणतात. आपल्या घरातल्या अनुदानाचा आकडा याच्याशी बांधलेला असल्याने तो समजून घेऊ.

बाबासाहेबांच्या काळातले उदाहरण

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४३ मध्ये कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा अभ्यास करण्यासाठी प्रा. बी. पी. अडारकर या अर्थतज्ज्ञांची नेमणूक झाली. त्यांनी १९४४ मध्ये अहवाल दिला. पुढे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनीही त्याची तपासणी केली. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो, उभा राहिला. आजारपणाची रजा, बाळंतपण आणि कामावर आलेले अपंगत्व यांसाठी कामगाराला हक्काने पैसे मिळू लागले. घरकाम करणाऱ्या बाया आणि नाक्यावर उभे राहणारे मजूर मात्र त्या कायद्याच्या बाहेरच राहिले.

संविधानाच्या कलम ४१ मध्ये बेकारी, म्हातारपण, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक मदत मिळावी, असे राज्याला सांगितले आहे. त्या कलमात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी अटही आहे. या मर्यादेतही कोणाची गरज आधी भागवायची, हे ठरवताना योग्य सल्ला लागतो.

स्कॉटलंडने काय केले?

ब्रिटनमधील स्कॉटलंडकडे अपंगत्वाचे आणि सांभाळणाऱ्यांचे भत्ते ठरवण्याचा अधिकार आला, तेव्हा तिथल्या सरकारने २०१७ मध्ये खास याच विषयासाठी तज्ज्ञांचा स्वतंत्र सल्लागार गट नेमला. सोबत प्रत्यक्ष भत्ता घेणाऱ्या लोकांना बोलावले. २,४०० हून अधिक लोकांनी आपला अनुभव सांगण्यासाठी नावे दिली. अर्ज कसा असावा, तपासणीला गेल्यावर कसे वागवले जाते, पत्रातली भाषा कळते का, हे त्यांना विचारले गेले.

२०१८ मध्ये तिथे कायदा झाला. सामाजिक सुरक्षा हा मानवी हक्क आहे, असे त्यात लिहिले गेले. अपंगत्वाच्या तपासणीचे काम खासगी कंपन्यांकडे द्यायचे नाही, असेही ठरले. कायमचा एक स्वतंत्र आयोग नेमला आणि अपंगत्वासह रोजचे जगणे कसे असते याची जाण आयोगात असावी, अशी तरतूद केली. त्याच वर्षी सांभाळणाऱ्यांच्या भत्त्यावर वर्षातून दोनदा जादा रक्कम देणे सुरू झाले.

तिथे सांभाळणाऱ्याच्या भत्त्यासाठी आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेण्याची अट आहे. दिवसाला पाच तास धरले की आठवड्याचे ३५ होतात. अंघोळ, शी-शू, भरवणे, कपडे बदलणे, दवाखान्यात नेणे, रात्री उठून कूस बदलणे, हे सगळे मोजले तर आपल्या वस्तीतल्या कितीतरी बाया याहून जास्त तास राबतात. फरक इतकाच की तिथे ते तास मोजले जातात.

आपल्या कायद्यात काय आहे?

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. सिकल सेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि मानसिक आजारही त्यात येतात. घरातले जे माणूस पगार न घेता काळजी घेते, तेसुद्धा या कायद्याच्या व्याख्येत ‘काळजी घेणारी व्यक्ती’ आहे. यातली चार कलमे लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

कलम २४: दिव्यांगांसाठीच्या योजनेतली मदत इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. ज्यांना मोठ्या प्रमाणावर आधार लागतो, त्यांच्यासाठी काळजी घेणाऱ्याचा भत्ता असावा, असेही हेच कलम सांगते.

कलम ३८: ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असलेली आणि रोजच्या कामांना जास्त आधार लागणारी व्यक्ती तसा अर्ज करू शकते. तिच्या वतीने घरचे किंवा संस्थाही करू शकतात. मग मूल्यांकन मंडळ तपासून कोणता आधार लागतो ते प्रमाणित करते.

कलम ६६: प्रत्येक राज्यात दिव्यांगांसाठी राज्य सल्लागार मंडळ असावे. त्यात पाच तज्ज्ञ, जिल्ह्यांचे पाच प्रतिनिधी आणि दिव्यांगांच्या संस्था-संघटनांचे दहा प्रतिनिधी असतात. हे दहा जण शक्यतो स्वतः दिव्यांग असावेत. त्यांत किमान पाच महिला, किमान एक अनुसूचित जातीची आणि एक अनुसूचित जमातीची व्यक्ती असलीच पाहिजे. मंडळाची बैठक सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी.

कलम ८१: राज्याच्या दिव्यांग आयुक्तांनी एखाद्या कार्यालयाला शिफारस केली, तर त्या कार्यालयाने तीन महिन्यांत कार्यवाही करायची असते. शिफारस मान्य नसेल, तर त्याच मुदतीत कारण कळवायचे असते, आणि तेही आयुक्तांबरोबर तक्रारदाराला.

या मंडळाचे अध्यक्ष खात्याचे मंत्रीच असतात. म्हणजे सल्ला घेणारा आणि सल्लागारांचा प्रमुख एकच. त्यामुळे बिगरसरकारी सदस्यांनी, विशेषतः आपल्या समाजातून गेलेल्या सदस्याने, तिथे स्पष्ट बोलणे फार गरजेचे ठरते.

सल्ला नीट असता तर काय बदलले असते?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे उदाहरण घ्या. २०२३ मध्ये अनुदान दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाले. विधवा, निराधार आणि दिव्यांग, सर्वांना रक्कम सारखीच होती. २५ टक्के जास्त देण्याचे कलम तोवर काही वर्षे कायद्यात होते. दिव्यांगांची रक्कम २,५०० रुपये झाली ती ऑक्टोबर २०२५ पासून.

उत्पन्नाची अट पाहा. दिव्यांगांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला ४,२०० रुपयेही नाहीत. घरातल्या एकाने महिन्यात पंधरा दिवस रोजंदारी केली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. डायपर, औषधे, दवाखान्याचे रिक्षाभाडे हा खर्च उत्पन्नातून वजा होत नाही. वस्तीत राहणारा कोणीही सल्लागार हे पाच मिनिटांत सांगेल.

काळजी घेणाऱ्याच्या भत्त्याचेही तसेच आहे. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी दरमहा ६०० रुपये ठरवले आहेत. रक्कम लहान आहे, पण सांभाळणारी व्यक्ती तिथे लाभार्थी म्हणून नोंदली जाते. आपल्या वस्त्यांत मात्र ‘काळजी घेणाऱ्याचा भत्ता’ हे शब्दसुद्धा फारसे कोणी ऐकलेले नाहीत.

आज काय मिळू शकते?

१. दिव्यांग ओळखपत्र (यूडीआयडी). स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा. आधार कार्ड, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. नंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० च्या आत पिवळे आणि ८० टक्के व त्यावर निळे कार्ड मिळते. पुढच्या बहुतेक लाभांसाठी हेच लागते.

२. संजय गांधी निराधार योजना. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात करता येतो.

३. निरामय आरोग्य विमा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

४. पालिका किंवा ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी. स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. आपल्या वॉर्डात तो कशावर खर्च झाला, ते नगरसेवकाला किंवा ग्रामसभेत विचारावे.

सांभाळणारीची तब्येत

रुग्णाला उचलताना कंबरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका. जड माणसाला सरकवायला खाली चादर घालून दोघांनी ओढा. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली तर जखमा टळतात. पण एकच बाई रात्रभर उठत राहिली तर तीच आजारी पडेल. म्हणून घरात पाळ्या लावा, पुरुषांनीही पाळी घ्यावी. सांभाळणारीने पालिकेच्या दवाखान्यात रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. झोप उडणे, सतत रडू येणे, जीव नकोसा वाटणे ही लक्षणे डॉक्टरांना लाजेशिवाय सांगावीत.

आपला सल्ला वर कसा पोहोचेल?

सात दिवस एका वहीत लिहून ठेवा. सकाळपासून रात्रीपर्यंत काळजीत किती तास गेले, औषध-डायपर-भाड्याला किती पैसे लागले, किती दिवसांचा रोज बुडाला. वस्तीतल्या दहा घरांनी अशी वही ठेवली, तर विहारातल्या बैठकीत तिची बेरीज मांडता येते. लिहिता-वाचता येणाऱ्या मुलामुलींनी ही जबाबदारी घ्यावी. दिव्यांगांची नावे त्यांच्या संमतीशिवाय पुढे देऊ नयेत.

या बेरजेसह तीन कागद तयार करा. पहिला, ज्या घरात जास्त आधार लागतो त्या घराचा कलम ३८ खालील अर्ज. तो जिल्ह्यात दिव्यांग कल्याणाचे काम पाहणाऱ्या कार्यालयात देऊन पोच घ्या. दुसरा, पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला निवेदन: कलम २४ मधील काळजी घेणाऱ्याचा भत्ता आमच्या घरांना कधी आणि कसा मिळणार? तिसरा, माहिती अधिकाराचा अर्ज: राज्य सल्लागार मंडळाच्या गेल्या दोन वर्षांत किती बैठका झाल्या, इतिवृत्त काय, अनुसूचित जातीचा सदस्य कोण? या अर्जाला १० रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

सदस्याचे नाव कळले की वस्तीची बेरीज त्यांच्या हाती द्या. पुढच्या बैठकीत ते आपल्या घरांचे तास आणि आपल्या घरांचा खर्च आकड्यांत मांडू शकतील.