वळवाचे वारे आणि टिनाचे छप्पर

दिनांक ९ एप्रिल २०२३, रविवार. अकोला जिल्ह्याच्या बाळापूर तालुक्यातील पारस या गावी बाबूजी महाराज देवस्थानाच्या आवारात भाविक जमले होते. रात्री वादळी वारा व पाऊस सुरू होताच पुष्कळांनी जवळच्या टिनाच्या शेडखाली आसरा घेतला. शेजारीच एक जुना, विस्तीर्ण निंब उभा होता. वाऱ्याच्या झोतात तो शेडवर कोसळला. सात माणसे दगावली व अनेक जखमी झाली.

ही दुर्घटना मोठी म्हणून सर्वत्र कळली. परंतु वऱ्हाडात चैत्रापासून मृगापर्यंत असा एकही हंगाम जात नाही, की ज्यात कोठे ना कोठे टिने उडाली नाहीत, गोठ्याखाली जनावर दबले नाही, किंवा भावाची वाट पाहत घरात साठविलेला कापूस एका रात्रीत भिजून पिवळा पडला नाही. शेतकऱ्याचे घर हे नुसते राहण्याचे ठिकाण नव्हे. तेच त्याचे कोठार, तेच बियाण्याचे व खताचे भांडार. छप्पर उडाले म्हणजे पेरणीच्या तोंडावर त्याचा संसार व शेती ही दोन्ही एकाच वेळी उघडी पडतात.

वादळ म्हटले की समुद्रकिनाऱ्याची आठवण व्हावी हे साहजिक आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कोकणातील हजारो घरांची कौले व पत्रे उडून गेले. वऱ्हाड समुद्रापासून दूर आहे, म्हणून येथील घरांस तसे भय नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती बरोबर नाही. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयी भारतीय मानक संस्थेने जी संहिता केली आहे, तिच्यातील १९८७ सालच्या कोष्टकात मुंबईसाठी दर सेकंदास ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, हा मूळ वेग धरला आहे. आणि समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या नागपुरासाठीही नेमका तोच वेग धरला आहे. विदर्भातील वारा किनाऱ्यावरील वाऱ्याहून सौम्य मानून बांधकाम करता येत नाही, असाच याचा अर्थ.

फरक आहे तो निराळाच. चक्रीवादळाची वर्दी दोन-तीन दिवस आधी मिळते. वळवाचे वादळ अर्ध्या तासात उभे राहते. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, की तापलेली हवा वेगाने वर चढते व दुपारनंतर काळे ढग रचतात. ढगातील पाऊस व गारा खाली येऊ लागल्या म्हणजे त्यांच्यासमवेत थंड, जड हवेचा लोंढा जमिनीवर आपटतो आणि चोहीकडे पसरतो. पहिला थेंब पडण्यापूर्वी धुळीचा लोट उठतो, तो हाच. त्याचा जोर बहुधा दहा-वीस मिनिटेच टिकतो. पूर्णेच्या खोऱ्यात, विशेषतः खारपाण पट्ट्यात, सपाट व विरळ झाडांच्या प्रदेशामुळे त्यास अडविणारे काहीच नसते. गावाच्या कडेची व शेतातील घरे म्हणूनच प्रथम सापडतात. शिवाय हा वारा अमुक एका दिशेनेच येईल असा नेम नाही. ढग उभा राहिल्यावर शिडी शोधण्यात अर्थ नसतो.

पूर्वी वऱ्हाडातील पुष्कळ घरे धाब्याची असत. सागाच्या कड्यांवर मातीचा जाड थर असे, आणि त्याचे वजनच इतके की वारा त्यास हलवू शकत नसे. लाकूड महाग झाले, दरसाल माती चढविण्याचे काम जड वाटू लागले, आणि धाब्याची जागा टिनाने घेतली. टिन हलके, स्वस्त व झटपट होणारे; त्याचा दोष एवढाच, की धाब्याचे वजन गेले तेव्हा त्याच्या जागी बांधणीची जी पकड यावयास हवी होती, ती आली नाही.

छप्पर का उडते, हे समजले म्हणजे उपाय आपोआप सुचतात. वारा छपरास ढकलीत नाही, तो त्यास वर ओढतो. घरावरून जाताना वारा भिंतीच्या माथ्याशी व आढ्याशी उसळतो आणि पत्र्याच्या वरच्या बाजूस ओढ निर्माण होते. त्याच वेळी उघड्या खिडकीतून शिरलेला वारा पत्र्यास खालून रेटतो. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरतो. तीन मीटर लांब व पाऊण मीटरहून थोड्या अधिक रुंदीच्या एका पत्र्यावर आतली व बाहेरची ओढ मिळून शंभर किलोहून अधिक उचल येऊ शकते. पत्र्याचे स्वतःचे वजन मात्र जाडीप्रमाणे दहा ते पंधरा किलो! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे हा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. छपराच्या कडा, कोपरे, वळचण व आढे या जागी तो सर्वाधिक असतो. उडालेले छप्पर पाहिले तर त्याची सुरुवात बहुधा कोपऱ्यातून झालेली दिसते.

आता पत्र्यावर दगड ठेवण्याच्या चालीचा विचार करू. अमरावती व अकोला जिल्ह्यांत असे गाव सापडणे कठीण, जेथे टिनावर दगड, फुटके जाते किंवा जुने टायर ठेवलेले नाही. वीस किलोचा एक धोंडा शंभर किलोची उचल रोखू शकत नाही, हे वरील हिशेबावरून उघड आहे. पत्रा थरथरू लागला की धोंडा उतारावरून घसरतो आणि खाली झोपलेल्या माणसावर किंवा अंगणातील लेकरावर पडतो. वादळात माणसे दगावतात ती कित्येकदा वाऱ्याने नव्हे, तर आपणच छपरावर चढविलेल्या दगडाने. दगड ही पकड नव्हे. तो उतरवून त्या जागी हुक बसविणे हे पहिले काम होय.

पकड ही साखळीसारखी असते. पत्रा पाइपास किंवा वाशास, वासा भिंतीस आणि भिंत पायास बांधलेली हवी. यांतील एक जोड कच्चा राहिला तर बाकीच्या पक्क्या जोडांचा उपयोग नाही. अमेरिकेत १९९२ च्या ऑगस्टमध्ये ‘अँड्र्यू’ नावाचे चक्रीवादळ फ्लोरिडा राज्यावर आले. पुढे पडझडीची तपासणी झाली, तेव्हा पुष्कळ छपरांच्या फळ्यांचे खिळे खालच्या वाशात शिरलेच नव्हते, असे आढळले. सुबत्तेच्या देशातही छपरे गेली ती चुकलेल्या खिळ्यांनी.

पत्रा साध्या खिळ्याने ठोकू नये; तो वाऱ्याच्या हेलकाव्याने सैल होतो. हुकाचे बोल्ट किंवा रबरी वायसर असलेले स्क्रू वापरावेत. छिद्र पन्हळीच्या खोलगट भागात न पाडता उंचवट्यावर पाडावे, म्हणजे पाणी गळत नाही. वळचण, आढे व दोन्ही कडा येथे एकाआड एक उंचवट्यावर आणि मधल्या भागात दर तिसऱ्या उंचवट्यावर पकड असावी. गवंडी किंवा वेल्डर एका पत्र्यास चार-सहा हुक लावून मोकळा होतो. तेथे घरधन्याने स्वतः उभे राहून मोजून घ्यावे. फार पातळ पत्रा घेणे ही काटकसर फसवी ठरते, कारण हुक जागेवर राहतो आणि पत्रा त्याभोवती फाटून निघून जातो. बाजूचा पत्रा दुसऱ्यावर दीड ते दोन पन्हळी चढलेला असावा, आणि खालीवर येणाऱ्या पत्र्यांचा जोड निदान १५ सेंटिमीटरचा घ्यावा. छपराचा उतारही अगदी सपाट ठेवू नये. साधारण २२ ते ३० अंशांच्या उतारावर ओढ कमी बसते. वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा अधिक काढू नये. सावलीच्या लोभाने ती तीन-तीन फूट काढली जाते, आणि वारा तिच्याच खाली हात घालतो.

भिंतीचा जोड हा वऱ्हाडातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भिंतींना तडे जातात आणि भिंतीच्या माथ्यावर नुसत्या विटेत अडकविलेला पाइप ऐन वादळाच्या दिवसांतच ढिला झालेला असतो. दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब खोलीच्या छपरावर वर सांगितलेल्या वाऱ्यात साडेसहाशे किलोंच्या आसपास उचल येते. वरच्या दोन विटांच्या वजनाने ती कशी रोखली जाणार? यासाठी भिंतीच्या माथ्यावर सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा चारी बाजूंनी सलग फिरवावा आणि तो ओतताना त्यात बोल्ट किंवा लोखंडी पट्ट्या पुरून ठेवाव्यात. पट्टा नसेल तर बोल्ट भिंतीत निदान ४५ सेंटिमीटर खोल, खाली आडवी सळई देऊन, काँक्रीटने बसवावेत. मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. तेथे भिंतीलगत जमिनीत पक्के रोवलेले खांब उभारून छप्पर त्यांसच बांधणे श्रेयस्कर होय.

घरकुल योजनेतून बांधकाम चालू असलेल्या घरी गावपातळीवरील कार्यकर्त्याने माथ्याचा पट्टा ओतण्याच्या आदल्या दिवशी जावे. त्या दिवशी चार बोल्ट घालणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. पट्टा वाळल्यावर तेच काम करावयाचे तर भोके पाडावी लागतात.

खिडक्यांविषयी एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे. वारा आला की दारे-खिडक्या उघडी ठेवावी, म्हणजे तो आरपार निघून जातो, असे वडीलधारी मंडळी सांगतात. प्रत्यक्षात समोरून वारा शिरला व मागे त्यास तेवढीच वाट नसली, की घर फुग्याप्रमाणे भरते आणि छपराची उचल वाढते. म्हणून धुळीचा लोट दिसताच सर्व झडपा लावून घ्याव्यात. झडप लाकडाची किंवा लोखंडी पत्र्याची असावी. तिच्या बिजागऱ्या स्क्रूने घट्ट केलेल्या असाव्यात आणि आतून केवळ कडी न ठेवता आडवा अडसर असावा. चौकट भिंतीत लोखंडी होल्डफास्टने धरलेली नसेल तर झडपेसकट चौकट आत येते. काचेवर चिकटपट्टी लावल्याने काच फुटावयाची थांबत नाही. बाहेरून फळीच लावावी.

भिंत व पत्रा यांच्यामधील जी फट हवेसाठी सोडलेली असते, ती फार मोठी असेल तर विटांनी भरून काढावी. हवेसाठी समोरासमोरच्या भिंतींत लहान झरोके ठेवले तर उन्हाळ्याचा उकाडाही निघून जातो.

ओसरीचे टिन हे घराच्या टिनाचाच पुढे काढलेला भाग असू नये. ओसरी पुढून उघडी, त्यामुळे तिचे छप्पर लवकर जाते, आणि सलग असल्यास घराचेही घेऊन जाते. ते वेगळे बांधावे. गोठ्याची गत याहून वाईट. तीन बाजूंस भिंत व एक बाजू उघडी अशी रचना वाऱ्यास सर्वाधिक अनुकूल असते. तेथे एक तर समोरासमोरच्या दोन बाजू मोकळ्या ठेवाव्यात, नाहीतर खांब कोनाड्यापासून कोनाड्यापर्यंत तिरप्या लोखंडाने जखडावेत.

पारसची दुर्घटना झाडाची होती, हे विसरून चालणार नाही. छपरावर आलेली वाळकी फांदी, पोकळ झालेले खोड किंवा मुळांशी खोदलेली माती दिसल्यास ग्रामपंचायतीस कळवावे व आवश्यक ती परवानगी घेऊन उन्हाळ्यापूर्वी छाटणी करून घ्यावी. सगळे झाड तोडण्याचे कारण नाही. समतोल छाटलेला निंब घराचा वारा अडवितो. वादळात मात्र झाडाखालच्या शेडमध्ये कोणीही थांबू नये.

या सर्व डागडुजीस योग्य काळ म्हणजे गुढीपाडव्यापूर्वीचा. भारतीय हवामान खात्याच्या नागपूर येथील प्रादेशिक केंद्राकडून पुढील काही तासांसाठी वादळाचे इशारे दिले जातात, आणि विजेसाठी ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील साधन आहे. इशारा कळल्यावर जनावरे मोकळी करणे, कापूस भिंतीपासून दूर, फळ्यांवर ताडपत्रीखाली दोरांनी बांधून ठेवणे आणि झडपा लावणे एवढेच साधते. हुक त्या वेळी बसत नाहीत.

शासकीय मदतीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी तिचे आकडेही पाहावेत. २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठी ठरविलेल्या केंद्रीय निकषांत निदान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये, कच्च्या घरास ४,००० रुपये व घरास जोडलेल्या गोठ्यास ३,००० रुपये अशी मदत होती. भिजलेल्या कापसाच्या एका गंजीचे नुकसान यातून भरून निघत नाही.

छप्पर उडालेच, तर प्रथम विजेचा मुख्य खटका बंद करावा. तुटलेली तार पत्र्यावर पडलेली असू शकते. ओल्या पत्र्यावर चढू नये. पंचनाम्यापूर्वी काही हलविणे भाग पडल्यास चोहीकडून छायाचित्रे काढून ठेवावीत. सापडलेले पत्रे पुन्हा बसविताना जुन्या, फाटलेल्या छिद्रांत हुक घालू नयेत. पत्रा थोडा सरकवून नव्या उंचवट्यावर नवी छिद्रे पाडावीत आणि जुनी छिद्रे डांबरी लेपाने बुजवावीत.