अभियंत्याने व्यवस्थापक व्हावे, पण केव्हा?

अभियांत्रिकीची पदवी हाती पडते न पडते तोच मध्यमवर्गीय घरात नवा प्रश्न उभा राहतो : आता एम.बी.ए. करावयाचे काय? औद्योगिक अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी १९६३ साली पवईस स्थापन झालेली ‘नीटी’ ही संस्थाच २०२३ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था झाली. काळाचा ओघ कोणीकडे आहे, हे यावरून दिसावे.

व्यवस्थापनशास्त्र त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. कच्चा माल, वेळ, पैसा आणि माणसे यांचा मेळ घालणारे ते शास्त्र आहे. उत्तम अभियंत्यालाही ते कधी ना कधी लागतेच. प्रश्न आहे तो वेळेचा. ऐन पाळीत बंद पडलेले यंत्र ज्याने पाहिले नाही, एका सुट्या भागापायी अडलेली जुळणी ज्याने अनुभवली नाही, त्याला वर्गातील उदाहरण ही केवळ गोष्ट वाटते. दोन-तीन वर्षे कारखान्यात काढलेला तरुण तेथे स्वतःचेच प्रश्न घेऊन जातो.

शिवाय अग्रगण्य संस्थांतील दोन वर्षांचे शुल्क आज २० लाख रुपयांच्या पुढे गेले आहे. एवढे कर्ज डोक्यावर असलेला पदवीधर मनाजोगे काम नव्हे, मोठा पगारच शोधणार. त्यात त्याचा दोष तो काय?

म्हणून पालकांनी आधी एवढेच विचारावे : मुलाला वा मुलीला व्यवस्थापन शिकावयाचे आहे, की यंत्रापासून सुटका हवी आहे? सुटकाच हवी असेल, तर चूक चार वर्षांपूर्वी शाखा निवडताना झाली. ती कबूल करण्यात कमीपणा नाही. मात्र कर्ज काढून ती झाकण्यापूर्वी थोडी नोकरी करून पाहावी.