संगणकातील गाळ उपसायचा कसा?

वालूर (जि. परभणी), प्रतिनिधी : सेलू तालुक्यातील वालूर हे गाव चक्राकार पायऱ्यांच्या प्राचीन बारवेसाठी ओळखले जाते. गाळाने बुजलेली ही बारव ग्रामस्थांनी श्रमदानातून मोकळी केली. नवी विहीर खोदावी लागली नाही, होती तीच उपसावी लागली. जुन्या संगणकांपुढे आज नेमका हाच प्रश्न उभा आहे. यंत्र शाबूत आहे, पण त्यावरील सॉफ्टवेअर इतके फुगले आहे की साधे पत्र टंकलिखित करतानाही ते धापा टाकते. संगणक मोडीत काढायचा की गाळ उपसायचा?

आकडे बोलके आहेत. १९९५ मध्ये आलेल्या 'विंडोज ९५'ला किमान ४ मेगाबाइट रॅम पुरत असे. २००१ च्या 'एक्सपी'ला ६४ मेगाबाइट लागू लागली, २००९ च्या 'विंडोज ७'ला १ गिगाबाइट, तर २०२१ च्या 'विंडोज ११'ला ४ गिगाबाइट. म्हणजे २६ वर्षांत गरज सुमारे हजारपटीने वाढली. 'पास्कल' या संगणकीय भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच इशारा दिला होता, की यंत्रे जितक्या वेगाने सुधारतात, त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंदावते. हा इशारा पुढे 'विर्थचा नियम' म्हणून प्रसिद्ध झाला.

असे का होते? रॅम स्वस्त आणि प्रोग्रामरचा वेळ महाग, हे पहिले कारण. त्यामुळे आटोपशीर प्रोग्राम लिहिण्याऐवजी तयार भागांचे थर एकावर एक रचले जातात. आज अनेक छोटी अ‍ॅप्लिकेशन्स आपल्यासोबत एक संपूर्ण ब्राउझरच बाळगतात. जुने प्रोग्राम नव्या प्रणालीवर चालावेत म्हणून जुनी व्यवस्थाही सांभाळावी लागते. शिवाय न मागितलेली सॉफ्टवेअर पडद्याआड चालू राहतात, ती वेगळीच.

मात्र सारीच वाढ म्हणजे गाळ नव्हे. इंग्रजी अक्षर १ बाइटमध्ये मावते, तर यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात. जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी बसविण्यासाठी प्रणालीत स्वतंत्र नियम असावे लागतात. पडद्यावर विनासायास मराठी दिसते ती या 'जादा' भारामुळेच. सुरक्षाविषयक सुधारणांचेही तसेच आहे.

प्रश्न तातडीचा झाला तो १४ ऑक्टोबर २०२५ पासून. त्या दिवशी 'विंडोज १०'ला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने थांबली. घरगुती ग्राहकांसाठीच्या विस्तारित योजनेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठरविण्यात आली. 'विंडोज ११'साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. परिणामी २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक चालू स्थितीत असूनही बाद ठरतात. ज्या घरात एकाच संगणकावर मुलांचा अभ्यास आणि वडिलांचा हिशेब चालतो, तिथे नव्या यंत्राचा खर्च सोपा नसतो.

मग करावे काय? प्रथम टास्क मॅनेजरमध्ये जाऊन संगणकासोबत आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत आणि न वापरलेले काढून टाकावेत. जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसविल्यास वेगातील फरक लगेच जाणवतो. तरीही यंत्र 'विंडोज ११'ला अपात्र असेल, तर 'लुबुंटू', 'लिनक्स मिंट एक्सएफसीई' यांसारख्या हलक्या, विनामूल्य प्रणाली उपलब्ध आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल लिनक्स प्रणाली विकसित केली आहे. यांपैकी अनेक प्रणाली पेन ड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येतात.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. आपल्या फायलींची प्रत आधी अन्यत्र ठेवावी. सेवा केंद्रचालकांनी अंगठ्याचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल स्वाक्षरी आणि प्रिंटर नव्या प्रणालीवर चालतात की नाही, याची खात्री करूनच बदल करावा. अन्यथा गाळासोबत पाण्यालाही मुकावे लागेल.