ऑर्कने बेटांवरील पाषाणवास्तू

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कने बेटें आहेत. तेथें इ. स. १८५० च्या वादळानें वाळू उडून स्कारा ब्रे हें सुमारें ५,००० वर्षांपूर्वींचें गांव उघडें पडलें. लांकूड दुर्मिळ, म्हणून घरांतील पलंग व फडताळेंही दगडाचींच! थोड्याच कोसांवर मेझहाउ हें थडगें आहे. त्याच्या ठेंगण्या वाटेंतून पाहुण्यास वांकूनच आंत जावें लागतें. दक्षिणायनाच्या अखेरीस मावळत्या सूर्याचे किरण त्याच वाटेनें मागील भिंतीपर्यंत पोंचतात. मिसर देशांतील पिरॅमिडही या दोहोंच्या मागूनचे.

स्कारा ब्रे येथें समुद्र अडविण्यास भिंत बांधिली आहे. तरी लाटा किनारा पोखरीतच आहेत. आम्हांस वाटतें, वाळूनें जें हजारों वर्षें राखिलें, तें राखणें आतां माणसाचें कर्तव्य आहे.