लेकराला शुगर कशी झाली?

वसमतची हळद देशभर जाते आणि हिंगोली जिल्ह्यात दुखण्यावरचा पहिला उतारा हळदच असतो. त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या पोरीला ‘शुगर’ निघाली की हळद, कारलं, जांभळाच्या बियांची पूड सुरू होते आणि बोलणं आईवर येतं. पोटुशी असताना काय खाल्लं, लेकराला गोड किती चारलं, माहेरी कुणाला होती का? लहान वयातल्या या आजाराच्या, म्हणजे टाइप १ मधुमेहाच्या संशोधनाने या प्रश्नांना फारसा थारा दिलेला नाही.

पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला १८६९ मध्ये स्वादुपिंडात पेशींची बेटं दिसली. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. १९२२ मध्ये टोरोंटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं आणि अशी मुलं जगू लागली. पण इन्सुलिन बनवणारी ती बेटं ओस का पडतात? बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांना १९६५ मध्ये, आजार नुकताच होऊन दगावलेल्या रुग्णांच्या बेटांत संरक्षक पेशींची गर्दी आढळली. १९७४ मध्ये लंडनमध्ये बोटाझो आणि डोनियाक यांनी रक्तात त्या बेटांविरुद्धची प्रतिपिंडं दाखवली. थोडक्यात, कुंपणच शेत खातं: शरीराची संरक्षण यंत्रणा इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते. साखर खाल्ल्याने हे घडत नाही.

ही संरक्षण यंत्रणा का बिथरते, याचं उत्तर अर्धंच हाती आहे. या यंत्रणेशी संबंधित एचएलए जनुकांचा वाटा मोठा. तरी एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. फिनलंडमध्ये या आजाराचं प्रमाण जगात सर्वाधिक, तर सीमेपलीकडच्या रशियन करेलियात जनुकं मिळतीजुळती असूनही कितीतरी कमी. म्हणजे बाहेरचंही काही हवं. कॉक्सॅकी बी या विषाणूंवर दाट संशय आहे. आनुवंशिकतेचं म्हणाल, तर दहापैकी जवळपास नऊ रुग्णांच्या जवळच्या नात्यात हा आजार नसतो. आणि आईपेक्षा बापाला टाइप १ असेल तर मुलाचा धोका जास्त! सुनेला बोल लावणाऱ्यांना हे कुणी तरी सांगायला हवं.

आपल्याकडे गुंता आणखी वाढतो, कारण इथं टाइप २ चा रोगीही तरुण आणि सडपातळ असू शकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा गट, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि एक्सेटर विद्यापीठ यांनी २०२० मध्ये दाखवलं की युरोपीय माहितीवर बेतलेला जनुकीय गुणांक भारतीयांतही टाइप १ वेगळा काढू शकतो. कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. मराठवाड्यातल्या किडकिडीत पोरांचं निदान करताना हे ध्यानात ठेवावं लागेल.

अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालेलं टेप्लिझुमॅब हे औषध टाइप १ सरासरी दोनेक वर्षं लांबवतं. हिंगोलीतल्या सेनगाव-कळमनुरीच्या खेड्यांत त्याआधीची गोष्ट, म्हणजे निदानच, अडते. सारखी तहान, वाळत चाललेलं अंग, मोठ्या झालेल्या लेकराने पुन्हा गादी ओली करणं, मग उलट्या, पोटदुखी, धाप. याला जंत, कावीळ, बाहेरची बाधा, काहीही म्हटलं जातं. बोटातल्या रक्ताचा एक थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घेतला तर मिनिटात संशय फिटतो. हळद भाजीत खुशाल घालावी. मेलेल्या बीटा पेशींचं काम ती करत नाही. इन्सुलिन थांबवून काढ्यावर ठेवलेलं लेकरू काही दिवसांतच, कधी एक-दोन दिवसांतही, रक्त आम्लधर्मी करणाऱ्या जीवघेण्या कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये जातं.